पस्तीस हजारांतले हातात किती? नवीन ट्रक ड्रायव्हरने नोकरीला हो म्हणण्याआधी करायचा हिशोब



हेवीचं लायसन्स हातात आलं की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. "गाडी नवीन आहे, एसी केबिन, महिन्याला पस्तीस हजार पडतील. उद्याच कळंबोलीला या." फोन करणारा बऱ्याचदा मालक नसतो, ड्रायव्हर पुरवणारा एजंट असतो. त्याला त्याचे पैसे तुम्ही गाडीवर बसलात की मिळतात. तुम्ही तिथे सहा महिने टिकता की सहा दिवस, हा त्याचा प्रश्न नाही. त्याच्यावर रागवायचं काही कारण नाही, पण त्याने सांगितलेला आकडा लगेच घरीही सांगू नका.

आपल्या चॅनलवर दुकानदारांना मी नेहमी सांगतो की गल्ल्यात आलेले सगळे पैसे म्हणजे नफा नव्हे. ड्रायव्हरचंही तसंच आहे. व्हिडिओत हा हिशोब घाईत झाला, इथे सावकाश करू. वही-पेन घ्या.

पहिला प्रश्न विचारायचा: "पस्तीसमध्ये फिक्स पगार किती?" मग हळूहळू फोड बाहेर येते. समजा फिक्स १५,०००. भत्ता दिवसाला ४००, पण फक्त गाडी लाईनवर असेल तेव्हाच. महिन्यात असे १८ दिवस धरा, म्हणजे ७,२००. फेरीमागे २,५०० आणि महिन्यात दोन फेऱ्या, म्हणजे ५,०००. झाले २७,२००. पस्तीस व्हायला गाडी महिनाभर न थांबता पळाली पाहिजे, आणि तसा महिना क्वचितच येतो.

आता भत्त्यातून जेवण. ढाब्यावर दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता मिळून दिवसाला ३०० धरले तर १८ दिवसांचे ५,४०० गेले.

आणि खरा खड्डा पुढेच आहे: डिझेलचा ॲव्हरेज. बऱ्याच ठिकाणी मालक ठरवून देतो की गाडीने लिटरला ४ किलोमीटर दिलेच पाहिजेत. कमी पडले तर फरक तुमच्या पगारातून. ऐकायला हे रास्त वाटतं, कारण डिझेलचोरी होते हे मालकालाही माहीत असतं आणि तुम्हालाही. पण आकडा मांडून बघा. महिन्याला ६,००० किलोमीटर, ४ च्या ॲव्हरेजने १,५०० लिटर. गाडीने दिले ३.८, तर लागले साधारण १,५७९ लिटर. फरक ७९ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ७,११० रुपये. २७,२०० मधून ५,४०० आणि ७,११० वजा केले की उरतात १४,६९०. पॉइंट दोनचा फरक आणि जवळजवळ अर्धा फिक्स पगार गेला! आणि तो पॉइंट दोन काही तुमच्या पायातच असतो असं नाही. माल किती भरलाय, घाट किती, टायरमध्ये हवा किती, न्हावा शेवाच्या रांगेत इंजिन किती वेळ चालू राहिलं, सगळं त्यात येतं.

म्हणून विचारा: भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा ॲव्हरेज वेगळा धरता का? घाटाच्या रूटला सूट आहे का? एसी लावला तर त्याचं डिझेल कोण मोजतं? (एसीवरून आठवलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सरकारनेच सक्तीची केली आहे. तेव्हा नवीन गाडीला एसी आहे ही काही मालकाची मेहेरबानी नव्हे.) आणि हॉल्टिंगच्या दिवसांचा भत्ता मिळतो का? माल उतरवायला तीन दिवस लागले तर पोट काही सुट्टीवर जात नाही.

दुसरी गोष्ट ओव्हरलोड. सरळ विचारा, "पासिंग किती आणि भरता किती?" मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. "ते आम्ही बघतो" असं मालक म्हणेल. पैसे तो बघेलही, पण लायसन्स निलंबित झालं तर ते तुमचं. गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाकून इन्शुरन्स आणि फिटनेसची तारीख बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

ओरिजिनल लायसन्स मात्र कुणाकडेही ठेवायचं नाही. "सगळ्यांचीच जमा असतात, गाडी सोडताना परत देतो" असं सांगतात. वाद झाला, पगार अडकला, की त्याच लायसन्ससाठी तुम्हाला महिना-महिना हेलपाटे घालावे लागतात. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधलं दाखवा. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही नाही. नोकरी लावण्याआधी कुणी "रजिस्ट्रेशनचे पैसे" मागितले तर फोन ठेवा. आणि उचल बेताने घ्या. पन्नास हजार उचल देणारा मालक दिलदार वाटतो, पण ती फिटेपर्यंत तुम्हाला नोकरी सोडता येत नाही.

पीएफ आहे का, हेही विचारा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला तो भरावा लागतो. तीन गाड्यांच्या मालकाकडे तो नसेल, म्हणून तो मालक वाईट असं नाही. माझं मत विचाराल तर, वेळेवर पगार देणारा तीन गाड्यांचा मालक हा हिशोब न दाखवणाऱ्या शंभर गाड्यांच्या कंपनीपेक्षा बरा.

हे ओळखायचं कसं? यार्डात जा, ऑफिसात नाही. तिथे गाडी धुणाऱ्या, चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, "दादा, मागचा पगार कधी झाला? डिझेलचं कापतात का?" एजंट अर्ध्या तासात जे सांगणार नाही, ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

मग एजंटला व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: "नमस्कार साहेब, फिक्स पगार किती, भत्ता कोणत्या दिवसांचा, ॲव्हरेज किती आणि फरक कसा कापता, पगाराची तारीख कोणती, एवढं लिहून पाठवाल का? उद्या यार्डात येतो." उत्तर आलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. "अहो, तुम्ही या तर आधी, समोरासमोर बोलू" असं आलं, तर दुसऱ्या एजंटचा फोन उचला.