‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’: बिलावरच्या या ओळीला कायद्यात किती किंमत?

नवा मिक्सर दुसऱ्याच दिवशी जळका वास येऊन बंद पडला. तो घेऊन दुकानात गेल्यावर दुकानदार बिलाच्या तळाशी बोट ठेवतो. तिथे बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बहुतेक ग्राहक इथूनच परत फिरतात. खरे तर वस्तू सदोष असेल, तर ही ओळ दुकानदाराच्या कामाची नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिचे पैसे देण्यास नकार देणे, याला या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापार प्रथा’ म्हटले आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या दिवसांत, आणि काहीच लिहिले नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायला हवेत. बिल न देणे हीसुद्धा याच कलमानुसार अनुचित प्रथा आहे. त्यामुळे ‘पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा पडेल’ असे ऐकवणारा दुकानदार ग्राहकावर मेहेरबानी करत नसतो.

मात्र या तरतुदीचा अर्थ ताणू नये. कायदा सदोष वस्तूबद्दल बोलतो. साडीचा रंग घरी नेल्यावर आवडला नाही किंवा शर्ट लहान झाला, तर बदलून देणे हा दुकानाच्या धोरणाचा भाग आहे, तो ग्राहकाचा हक्क नाही.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाची बाजू थोडी अधिक भक्कम आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वस्तू सदोष किंवा बनावट निघाली, किंवा संकेतस्थळावर वर्णन केले होते तशी नसली, तरी विक्रेत्याला ती नाकारता येत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे बंधन आहे.

दुकानदार ऐकत नसेल तर?

आधी लेखी मागणी करा. व्हॉट्सअॅप किंवा ईमेल चालेल. तोंडी भांडणाचा पुरावा उरत नाही. पुढची पायरी म्हणजे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे आदेश निघत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेही काम होते.

नाहीच झाले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. सर्वांत उपयोगी बदल असा की, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. मुंबईत घेतलेल्या फ्रिजची तक्रार चिपळूणच्या ग्राहकाला रत्नागिरीच्या आयोगात करता येईल. ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीकडे जा’ असे उत्तर मिळाले असेल, तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही ‘सामनेवाले’ करावे. मुदत दोन वर्षांची आहे. परताव्याचे ३० दिवस उलटले म्हणून हा मार्ग बंद होत नाही.

निकाल मात्र झटपट लागेल असे समजू नये. कायद्यात तीन महिने, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने असे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. हजार रुपयांच्या वस्तूसाठी कोण खेटे घालणार, हा हिशेब दुकानदारही करतो. पण मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो, ही बाजू तो सहसा धरत नाही. निकाल विरोधात गेला आणि त्याला राज्य आयोगात अपील करायचे असेल, तर आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही, तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.