गिटारीची तार आणि यंत्रांची भाषा



गिटार हे तारेचे वाद्य आणि सिंथेसायझर हे विजेचे. या दोघांची गाठ एका लहानशा संगणकाच्या मध्यस्थीने घालून देता येते. ती कशी, हे आज सांगावयाचे आहे. विषय वादकांचा, आणि आम्ही तर कामगार संघटनेतले. संगीताचे अगर यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण आम्हांस मिळालेले नाही. जे कळले ते वाचून, विचारून आणि हाताळून. तरीही हा विषय निवडला, याचे कारण त्यात आमच्या नित्याच्या कामातला एक प्रश्न आहे. नवे यंत्र आले म्हणजे कारागिराच्या हातातले जुने कसब मोडीत निघालेच पाहिजे काय, हा तो प्रश्न होय.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या कंपनांतून नाद घडविणारे यंत्र. त्यातून बासरीसारखा, व्हायोलिनांच्या ताफ्यासारखा किंवा निसर्गात कोठेच नसलेला आवाज काढता येतो. ते वाजवावयाचे बहुधा पेटीसारख्या पट्ट्यांनी. साहजिकच ज्याचा हात पट्ट्यांवर बसलेला, त्याचे फावले. ज्याने तारांवर बोटे झिजविली, तो बाहेर राहिला. मे १९८२ मध्ये ब्रिटनमधील म्युझिशियन्स युनियन या वादकसंघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व ताल देणारी यंत्रे यांवर बंदी मागणारा ठराव केला. सबंध संघटनेने ते धोरण पत्करले नाही. पण शाखेची भीती पोकळ नव्हती. एक माणूस एका यंत्रावर ताफ्याचे काम करू लागला, तर ताफ्यातल्या माणसांनी पोट कसे भरावे?

याच सुमारास दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट घडत होती. तोपर्यंत निरनिराळ्या कारखान्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी सहसा जुळत नसत. कोणी एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब धरी, तर कोणी कंपनसंख्येच्या प्रमाणात व्होल्ट वाढवी. अमेरिकेतील सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंडचे इकुतारो काकेहाशी हे खरे तर बाजारातले प्रतिस्पर्धी. परंतु त्यांनी पुढाकार घेतला, इतर कारखानदारांशी बोलणी झाली, आणि सर्व यंत्रांसाठी एक भाषा ठरली. तिचे नाव मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात या दोन कारखान्यांची यंत्रे एका तारेने जोडून दाखविण्यात आली. या भाषेच्या वापराबद्दल शुल्क घ्यावयाचे नाही, असेही ठरले. ज्यांनी आयुष्यात करार घडवून आणले आहेत, त्यांना या एका कलमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. जाते ती आज्ञा. 'अमुक स्वर सुरू कर' या आज्ञेत तीन आकडे असतात: पहिला कृती व वाहिनी सांगणारा, दुसरा स्वराचा आणि तिसरा आघाताच्या जोराचा. स्वराला ० ते १२७ पर्यंतचे क्रमांक दिलेले आहेत. पियानोच्या मधल्या 'सी' या स्वराचा क्रमांक ६०. एका तारेवर १६ वाहिन्या मावतात आणि अशी एक आज्ञा पोहोचावयास सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. मुकादमाने पुकारा करावा आणि काम दुसऱ्याने करावे, तसा हा प्रकार आहे.

आता अडचण अशी की, गिटारीला ही भाषा येत नाही. पट्टी दाबली की यंत्राला स्वर ठाऊकच असतो; तार मात्र नुसती थरथरते. ती थरथर ऐकून स्वर ओळखणारा दुभाषी पाहिजे. तो दुभाषी म्हणजे आपला छोटा संगणक. रास्पबेरी पाय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मुलांना संगणकविद्या शिकता यावी म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथे तो आखला गेला आणि २०१२ साली ३५ डॉलरला विक्रीस आला. आकाराने तो बँकेच्या कार्डाएवढा.

जोडणी पायरीपायरीने पाहू. या संगणकाला ध्वनी आत घेण्याची सोय नसते. म्हणून गिटारीची तार आधी ध्वनी घेणाऱ्या एका छोट्या डबीत, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमध्ये, घालावयाची. गिटारीचा संदेश नाजूक असतो. तेव्हा डबीवर गिटारीसाठी मुद्दाम केलेले भोक असावे, नाहीतर आवाज मरगळतो. डबी यूएसबीने संगणकाला जोडावी. संगणकातला प्रोग्राम कंपने मोजून स्वर ठरवितो व आज्ञा तयार करतो. ती यूएसबी-मिडी तारेने सिंथेसायझरच्या 'मिडी इन' या तोंडात जाते, आणि सिंथेसायझर आपल्या स्वतःच्या आवाजात बोलू लागतो.

परंतु दुभाष्याला आधी ऐकावे लागते, मग बोलावे लागते. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे एका कंपनाला सेकंदाचे १२ सहस्रांश लागतात. स्वराची खात्री करावयास निदान दोन कंपने ऐकली, तर २४ सहस्रांश गेलेच. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ८ मीटर जातो. म्हणजे आपलेच वादन आपण आठ मीटरांवरून ऐकावे तसे होते. संगणक कितीही वेगवान आणला तरी तार आपला वेळ घेणारच. यावर वादकांनी तोडगा काढला आहे. एक सप्तक वर वाजवावे आणि सिंथेसायझरला एक सप्तक खाली उतरवावे. वाट पाहणे निम्म्यावर येते. शिवाय जाड तारांसाठी हळूहळू उमलणारा नाद निवडावा, म्हणजे उशीर कानाला टोचत नाही.

दुसरी अडचण सहा तारांच्या कालव्याची. साध्या गिटारीतून सगळ्या तारांचा एकच मिसळलेला संदेश येतो. त्यातून एका वेळी एक स्वर ओळखणे सोपे, एकत्र वाजलेले स्वर सोडविणे कठीण. ते करणारे प्रोग्राम आता आहेत. पण खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक तारेचे स्वतंत्र ऐकणारा सहापदरी पिकअप. मग प्रत्येक तारेला आपली वाहिनी देता येते.

याचा खरा लाभ मींड घेताना कळतो. पेटीवर दोन स्वरांमधली वाट चालता येत नाही, हा आपल्याकडचा जुना आक्षेप. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे तो होता, आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. मिडीची भाषाही मुळात पट्ट्यांच्या हिशोबाने रचलेली. मात्र तीत स्वर वाकविण्याची वेगळी आज्ञा आहे आणि तिला १६,३८४ पायऱ्या आहेत. ही आज्ञा सबंध वाहिनीला लागू होते. सगळ्या तारा एकाच वाहिनीवर असतील तर एक तार ओढताच बाकीचे स्वरही वाकतात. तारागणिक वाहिनी दिली की ज्याची मींड त्यालाच मिळते. प्रोग्राम व सिंथेसायझर या दोहोंत वाकविण्याची मर्यादा सारखी ठेवावी, एवढे पथ्य पाळावे. नाहीतर ओढ एका स्वराची आणि उडी भलत्याच स्वरावर!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कसब मोडीत निघाले पाहिजे काय? गिटारवाल्याचे उत्तर आहे, 'नाही'. वीस वर्षे तारांवर कमावलेला हात टाकून देऊन त्याने पट्ट्या शिकावयास नकोत. तोच हात नव्या यंत्राला हुकूम सोडू शकतो. पण हे आपोआप घडलेले नाही. यंत्रांची भाषा एका मालकाच्या तिजोरीत राहिली नाही आणि दुभाषी गरिबाच्या आवाक्यात आला, म्हणून ते घडले. लंडनच्या वादकांचा मजुरीचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. कोणतीही तार तो सोडविणार नाही. तो माणसांनी एकत्र बसूनच सोडवावा लागतो. तेव्हा आपल्या कारखान्यात, कचेरीत नवे यंत्र येईल, त्या दिवशी त्याची किंमत विचारण्याआधी एवढे विचारावे: याची भाषा सर्वांना खुली आहे काय, आणि आमच्या हातांचे याला ऐकू येते काय?