कौटुंबिक मालकी आणि अग्रहक्क : ॲडलेडच्या कूपर्स बिअर कारखान्याचा इतिहास

प्रस्तावना :
कौटुंबिक उद्योगात पिढ्या वाढत जातात तसतसे भागभांडवल अधिकाधिक वारसांमध्ये विभागले जाते. त्यांपैकी काहींनी आपले भाग बाहेर विकल्यास मालकी कुटुंबाकडे कशी राहावी, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथील कूपर्स या बिअर कारखान्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यासनीय आहे. त्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थापना व वाढ :
संस्थापक थॉमस कूपर हे मूळचे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे. १८५२ मध्ये ते ॲडलेडला आले. व्यवसायाने ते चर्मकार होते. जोडे शिवणे हा त्यांचा धंदा होता. आजारी पत्नीसाठी शक्तिवर्धक म्हणून त्यांनी प्रथम बिअर तयार केली, असे परंपरेने सांगितले जाते. १८६२ मध्ये नॉरवुड येथे त्यांनी या निर्मितीला व्यवसायाचे रूप दिले. १८८१ मध्ये कारखाना लीब्रुक येथे गेला आणि २००१ मध्ये तेथून रीजन्सी पार्क येथे हलविण्यात आला. १८९७ मध्ये थॉमस कूपर यांचे निधन झाल्यावर व्यवसाय त्यांच्या पुत्रांकडे आला.

निर्मितीचे वैशिष्ट्य :
कूपर्सच्या 'एल' प्रकारच्या बिअरचे बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन होते. यीस्ट बाटलीतच राहत असल्याने तळाशी गाळ जमतो व पेय किंचित गढूळ दिसते. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात गाळलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या 'लागर' बिअरचे प्रस्थ वाढले. तरीही कूपर्सने जुनी पद्धत सोडली नाही. घरी बिअर तयार करण्यासाठी लागणाऱ्या माल्ट अर्काच्या विक्रीतूनही कंपनीला मोठा आधार मिळाला.

अग्रहक्काची व्यवस्था :
कंपनीच्या नियमावलीत भागविक्रीचा क्रम निश्चित केलेला होता. विक्रीस आलेले भाग प्रथम विद्यमान भागधारकांना, त्यानंतर कंपनीशी संलग्न निवृत्तिवेतन निधीला देऊ करणे बंधनकारक होते. लायन नेथन या मोठ्या कंपनीने १९९३ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियन ब्रुइंगचा बिअर व्यवसाय घेतला, तेव्हा तिच्याकडे असलेले कूपर्सचे भागही लायनकडे आले. १९९५ मध्ये कूपर्सने ते परत घेतले. मात्र तिसऱ्या क्रमांकाचा अग्रहक्क लायनकडे राहिला. कुटुंब व निधी यांना भाग घेणे परवडले नाही, तर लायनला दार उघडे होते.

२००५ चा संघर्ष :
सप्टेंबर २००५ मध्ये लायनने प्रतिभाग २६० ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. त्यानुसार कंपनीचे मूल्य सुमारे ३५ कोटी डॉलर होत होते. पुढे ही किंमत ३१० डॉलरपर्यंत वाढविण्यात आली. ज्यांच्या भागांना खुली बाजारपेठ नव्हती अशा भागधारकांना ही रक्कम आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. उलटपक्षी, किंमत जितकी चढेल तितकी कुटुंबीयांची खरेदीक्षमता अपुरी पडणार होती. संचालक मंडळाने लायनचा अग्रहक्क रद्द करण्याचा ठराव मांडला. प्रकरण न्यायालयातही गेले. अखेर डिसेंबर २००५ मधील विशेष सर्वसाधारण सभेत ९३ टक्क्यांहून अधिक मतांनी ठराव संमत झाला आणि कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न निष्फळ ठरला.

निष्कर्ष :
पुढे ऑस्ट्रेलियातील दोन्ही मोठ्या बिअर कंपन्या परकीय मालकीच्या झाल्या. लायन २००९ मध्ये जपानच्या किरिनकडे गेली, तर फॉस्टर्स २०११ मध्ये सॅबमिलरकडे. परिणामी कूपर्स ही ऑस्ट्रेलियन मालकीची सर्वांत मोठी बिअर कंपनी ठरली. २००५ च्या घटनेवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नियमावलीतील एखादे कलम परक्यासाठी वाट मोकळी ठेवू शकते, ही पहिली. ती वाट बंद करण्यासाठी कायद्याइतकीच भागधारकांची एकजूट आवश्यक असते, ही दुसरी. मोठी किंमत समोर असतानाही बहुसंख्य भागधारकांनी मालकी राखणे पसंत केले, यातच या कारखान्याच्या दीर्घायुष्याचे कारण आढळते.