ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, मग अंग का दुखतं?

कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आला, आता तर मनगटावरचं घड्याळही ऑक्सिजन सांगतं. ९८ दिसलं की आपण म्हणतो, चला, सगळं ठीक. पण सिकलसेल असलेल्या मुलांचं काय होतं बघा. कधीकधी आकडा चांगला असतो, तरी हातपाय ठणकतात. आपल्या पालघरसह राज्यातल्या अनेक आदिवासी जिल्ह्यांत हा आजार आहे. तो समजायला आधी ऑक्सिजनचा प्रवास बघू. मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे उदाहरण आपल्या डहाणू-विरार लोकलचं!

चढायचं कसं?

फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की ऑक्सिजन पलीकडच्या रक्तात आपोआप शिरतो. पण रक्ताच्या पाण्यात तो फारसा विरघळत नाही, जेमतेम दोन टक्के. बाकी सगळा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर बसून जातो.

एका हिमोग्लोबिनवर चार सीट. लोकलमध्ये तिघं आरामात बसतात आणि चौथ्याला "जरा सरका ना" म्हणावं लागतं. इथे उलटं आहे. पहिल्यालाच बसायला त्रास होतो. तो बसला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि पुढच्यांना सोपं जातं. एका पेशीत असे जवळपास २७ कोटी हिमोग्लोबिन असतात.

उतरायचं कुठे?

हृदय हे रक्त अंगभर ढकलतं. साधारण मिनिटाभरात एक फेरी. तुम्ही निवांत बसला असाल तर चारपैकी एकच ऑक्सिजन उतरतो, बाकीचे तसेच परत. उमरोळीला गाडी पकडायला पळालात, की पायांचे स्नायू तापतात, तिथे कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं. त्याने हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि जास्त ऑक्सिजन उतरतो. म्हणजे जिथे गरज, तिथेच गाडी जास्त रिकामी होते.

गाडीच वाकडी झाली तर?

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा दुवा वेगळा असतो. कोडमध्ये एक अक्षर चुकावं तसं. ऑक्सिजन बसलेला असेपर्यंत फारसं बिघडत नाही. तो उतरला की ही हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या होतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. बारीक रक्तवाहिन्यांतून पेशी एकामागोमाग एक, अंग चोरून जातात. ताठ पेशी तिथे अडकते, मागची वाहतूक ठप्प होते आणि पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. ती कळ तिथून येते. शिवाय चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, थकवा कायम.

आता ऑक्सिमीटरकडे या. तो फक्त सांगतो की सीट किती टक्के भरल्यात. गाड्या किती आहेत आणि त्या वाटेत अडकल्यात का, हे त्याला कळतच नाही. म्हणून अशा मुलाला "नाटक करतोय", "आळशी आहे" म्हणू नका.

आपण काय करायचं?

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. त्याला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्न मोडायला नाही, पुढचं ठरवायला ही माहिती हवी.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. थेंबभर रक्त पुरतं. आजार निघालाच तर भरपूर पाणी, थंडीपासून जपणं आणि डॉक्टरांनी दिलेलं हायड्रॉक्सियुरिया, याने कळा कमी होतात.

पत्रिका जुळवताना हाही रिपोर्ट बघा. आणि हा भाग लग्नाच्या वयाच्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!