सीएनसी आलं, तरी डायमेकर हवाच
एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापायचा, तर पंच (कापणारं अवजार) आणि डाय (त्याच्या जोडीचा साचा) यांच्यात दर बाजूला साधारण ०.०५ मिलिमीटर फट ठेवतात. ती वाढली की कडेला बर, म्हणजे खरखरीत कोर, येते. अशा डाय कापायला सीएनसी, वायरकट ही संगणकावर चालणारी यंत्रं असताना माणूस कशाला, ही शंका रास्तच. पण यंत्र दिलेला आकार कापतं; वाकवलेला पत्रा किती उसळतोय, ट्रायलला कोपरा का फाटतोय, हे ओळखून डाय नेमकी कुठे घासायची ते डाय बनवणारा कारागीर, म्हणजे डायमेकरच, ठरवतो. हे काम शिकायला दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड किंवा संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा डिप्लोमा, असे रस्ते आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा, हा आक्षेप खोटा नाही. मात्र हे कसब एकाच मालाला बांधलेलं नसतं: मोटारीचा दरवाजा असो की बाटलीचं झाकण, आधी डाय किंवा मोल्ड लागतोच.