खोट्या कुस्तीतला खरा पैलवान

२९ मे १९६८. मुंबईतल्या रिंगमध्ये दारासिंगसमोर अमेरिकेचा लू थेझ उभा होता. लढत जागतिक विजेतेपदाची म्हणून गाजवलेली. दारासिंग जिंकला आणि जगज्जेता झाला. त्याच्यावर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक मजकुरात ही तारीख असतेच.

व्यावसायिक कुस्तीच्या अमेरिकेतल्या नोंदी शेजारी ठेवल्या, की मात्र चित्र जरा बदलतं. थेझ तेव्हा ५२ वर्षांचा होता. नॅशनल रेसलिंग अलायन्स या प्रवर्तकांच्या बलाढ्य संघटनेचा किताब त्याने जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीला दिला होता आणि मे १९६८ मध्येही तो किनिस्कीकडेच होता. मुंबईत पणाला लागलेलं जगज्जेतेपद मुंबईच्या तिकीटबारीसाठी उभं केलेलं होतं, आणि या धंद्याच्या रीतीप्रमाणे निकालही आधी ठरलेला.

मग दारासिंग खोटा होता का? याचं उत्तर खुद्द थेझनेच दिलं आहे. डाव लावून माणसाचा सांधा निखळवण्याची विद्या ज्या थोड्या व्यावसायिक मल्लांकडे खरोखर होती, त्यांत थेझचं नाव वर घेतलं जातं. त्याने दारासिंगला अस्सल कुस्तीगीर मानलं, त्याच्या कमावलेल्या शरीराची वाखाणणी केली आणि अशा माणसाकडून हरण्यात कमीपणा वाटला नाही, असं सांगितलं. निकाल लटका, पैलवान खरा. दारासिंगचं सगळं आयुष्य या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत उभं आहे.

राजाश्रय गेला, तिकीट आलं

ही जागा तयार झाली ती राजेरजवाड्यांच्या अस्तामुळे. पैलवानाचा खुराक, तालीम आणि वस्ताद हा खर्च पूर्वी संस्थानांच्या खजिन्यातून व्हायचा. आपल्याकडे शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, पंजाबच्या मल्लांनाही कोल्हापुरात आसरा दिला. तिकडे गामा पैलवानामागे पतियाळाचे महाराज होते. संस्थानं विलीन झाली आणि दूध-तूप-बदामाचा हिशेब पैलवानाच्या स्वतःच्या डोक्यावर आला.

अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावी १९ नोव्हेंबर १९२८ रोजी जन्मलेला दारासिंग नेमका याच काळात तरुण झाला. १९४७ च्या सुमारास तो सिंगापूरला गेला, पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला आणि हरनामसिंग यांच्या हाताखाली ‘फ्रीस्टाइल’ म्हणून ओळखली जाणारी व्यावसायिक कुस्ती शिकला. सिंगापुरात तेव्हा ‘ग्रेट वर्ल्ड’सारखी करमणुकीची उद्यानं होती. नाटक, नाच, मुष्टियुद्ध आणि कुस्ती असं सगळं तिथे तिकीट काढून बघता यायचं. तिथे पैलवानाला पोसायला महाराज नव्हते, गर्दी होती.

१९५४ मध्ये टायगर जोगिंदरसिंगला हरवून तो रुस्तुम-ए-हिंद झाला. चांदीचा चषक त्याला दिला तो काश्मीरचे महाराज हरिसिंग यांनी. ज्यांचं राज्य गेलेलं होतं आणि जे मुंबईत राहत होते, अशा राजाच्या हातून मिळालेला तो मान. जुन्या व्यवस्थेने नव्या व्यवस्थेला दिलेला हा निरोपच म्हणायचा.

निकाल आधी का ठरवतात?

खऱ्या कुस्तीला प्रेक्षकाच्या सोयीचं भान नसतं. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को भिडले. झ्बिस्को बहुतेक वेळ पोटावर पडून राहिला आणि अडीच तासांहून जास्त वेळ घालवून कुस्ती बरोबरीत सुटली. हेच दोघे १९२८ मध्ये पतियाळ्याला पुन्हा भेटले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत झ्बिस्कोला चितपट केलं. एकदा प्रेक्षक कंटाळला आणि एकदा त्याला नीट बसायलाही सवड मिळाली नाही. खासबागेच्या दर्दी प्रेक्षकाला दोन्ही चालतं, कारण त्याला खडाखडीतलं बळ कळतं. शहरात संध्याकाळ घालवायला आलेल्या माणसाला मात्र सुरुवात, संकट आणि शेवट लागतो. म्हणून प्रवर्तकांनी कुस्तीला कथानक दिलं.

कथानक आलं की खलनायक लागतो. दारासिंगच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा खलनायक म्हणजे किंग काँग. खरं नाव एमिल चाया, जन्म १९०९ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतला, मुक्काम सिंगापूरला. वजन २०० किलोंच्या आसपास, दाढी आणि तोंडावर कायमचा रुद्रावतार. दुसरा जॉर्ज गोर्डिएंको. कॅनडातल्या विनिपेगचा हा मल्ल उत्तम चित्रकार होता, आणि तरुणपणी कम्युनिस्टांशी संबंध ठेवल्यामुळे अमेरिकेची दारं त्याला बंद झाली होती. १९५९ मध्ये कलकत्त्यात त्याला हरवून दारासिंग राष्ट्रकुल विजेता ठरला.

या गोतावळ्यात दारासिंग उठून दिसला तो साधेपणामुळे. बुरखा नाही, आरडाओरडा नाही, प्रतिस्पर्ध्याला शिव्या नाहीत. वर कुरळे केस, खाली आखूड चड्डी आणि मध्ये अखाड्यात घडलेलं शरीर. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या आपल्या पुस्तकात व्यावसायिक कुस्तीला नाटकाच्या जवळचं मानलं. तिथे प्रेक्षक कोण जिंकणार याचा अंदाज बांधत नाही, न्याय होताना बघतो, असं त्याचं म्हणणं. दारासिंगने या न्यायाला चेहरा दिला. पाचशे कुस्त्या आणि एकही हार नाही, हा त्याच्याबद्दलचा आवडता आकडा या नजरेने वाचायला हवा. नायक हरत नसतो.

रिंगमधून पडद्यावर

चित्रपटवाल्यांच्या हे लक्षात न येतं तरच नवल. १९५२ च्या ‘संगदिल’मध्ये तो ओझरता दिसला होता. खरी सुरुवात झाली १९६२ मध्ये, बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘किंग काँग’मधून. मिस्त्री हे वाडिया बंधूंच्या स्टंटपटांच्या काळापासूनचे ट्रिक फोटोग्राफीचे कसबी. स्टीव्ह रीव्हजच्या इटालियन ‘हर्क्युलिस’ने १९५८ पासून जगभर पिळदार नायकांची लाट आणलेली होती. आपल्याकडे शरीर तयार होतं आणि नावही आधीच गाजलेलं होतं.

मग रांगच लागली. ‘फौलाद’, ‘सॅमसन’, ‘हर्क्युलिस’, ‘टारझन कम्स टू दिल्ली’, ‘लुटेरा’. खर्च बेताचा, तलवारी पत्र्याच्या, देश कुठला ते विचारायचं नाही. पंजाबी वळणाच्या हिंदीमुळे सुरुवातीच्या काही चित्रपटांत त्याचे संवाद दुसऱ्याच्या आवाजात होते. पण त्याने माणूस उचलून फेकला की तो उचललेला दिसायचा, आणि त्या आवाजाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. ‘फौलाद’पासून मुमताज त्याची नायिका झाली आणि सोळा चित्रपटांत ही जोडी दिसली. स्टंटपटांची नायिका म्हणून बड्या नायकांनी जिला दूर ठेवलं, ती पुढे आघाडीची तारका झाली. दारासिंग मात्र आपल्याच दालनात राहिला.

‘सिकंदर-ए-आझम’ (१९६५) मधली पात्रयोजना बघण्यासारखी आहे. सोहराब मोदींच्या १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर सिकंदर होते. इथे ते पोरस झाले आणि सिकंदर दारासिंग. रंगभूमीचा आवाज एका बाजूला आणि अखाड्याचं शरीर दुसऱ्या बाजूला. पुढे ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘आनंद’मध्ये मोठ्या दिग्दर्शकांनी त्याला बोलावलं, ते बलवान आणि मनाने निर्मळ माणूस दाखवायला.

१९७६ च्या ‘बजरंगबली’त तो हनुमान झाला. जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागरांची ‘रामायण’ सुरू झाली, तेव्हा दारासिंग ५८ वर्षांचा होता आणि रिंग सोडून त्याला जवळपास चार वर्षं झाली होती. चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत उंबरगावला चालायचं. प्रत्येक तालमीत ज्याची तसबीर असते, ज्याला हात जोडल्याशिवाय पैलवान मातीत उतरत नाही, ते दैवत आता एका पैलवानाच्या रूपात घरोघरी आलं.

मराठी मातीचा सवाल

महाराष्ट्रातल्या वस्तादांनी फ्रीस्टाइलला कायम लुटुपुटीची कुस्ती म्हटलं, आणि ते त्यांच्या जागी बरोबर होते. ज्या काळात दारासिंगचं नाव झालं, त्याच काळात इथे खरे निकाल लागत होते. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्य मिळवलं, १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली. पण खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे जमवावे लागले, आणि पदकानंतरचं आयुष्य पोलिसांच्या नोकरीत गेलं. अस्सल कुस्तीला मान होता, धन नव्हतं. लटक्या कुस्तीने वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर गर्दी खेचली आणि पैलवानांच्या घरी चूल पेटवली.

१९८३ मध्ये दिल्लीतल्या स्पर्धेनंतर दारासिंग निवृत्त झाला. तोवर मोहालीत त्याचा स्टुडिओ उभा होता. २००३ मध्ये तो राज्यसभेवर नियुक्त झाला, २००७ च्या ‘जब वी मेट’मध्ये करिनाचा आजोबा झाला. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्याचं निधन झालं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं.

त्याचं मोठेपण मोजायचं तर जिंकलेल्या कुस्त्यांच्या आकड्याने मोजून चालणार नाही. त्यातल्या किती खऱ्या, हे ठरवणारे प्रवर्तक होते. राजाश्रय संपल्यावर पैलवान जगणार कसा, या प्रश्नाला त्याने तिकीटबारी, पडदा आणि टीव्ही अशी तीन उत्तरं शोधली. त्यासाठी निकालाचं खरेपण त्याने मोजून दिलं. शरीराच्या खरेपणात मात्र कधी भेसळ केली नाही, आणि त्याच्या पिढीच्या प्रेक्षकाने पैसे मोजले ते त्यासाठीच.