न्यूयॉर्कचा कापूस आणि वरलीचा आकडा
(लेखांक ५)

अकोला-अमरावतीकडे ‘वरली मटक्यावर धाड’ ही बातमी कुणाला नवी नाही. मुंबईतल्या वरळीचे नाव वऱ्हाडातल्या पानठेल्यापर्यंत पोचले, त्याच्या मुळाशी कापूस आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे बाजार उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत, त्यांवर पैसे लागत. मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले. लावणारे थोडेच थांबणार! १९६२ मध्ये कल्याणजी भगतने, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपापला मटका सुरू केला. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्ते.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कापसाचा भाव सट्टापट्टी घेणाऱ्याच्या हातात नव्हता. मटक्याचा आकडा काढणाऱ्याच्या हातात होता. म्हणून कुठल्याही पैजेत पहिला प्रश्न हाच, की निकाल कोण सांगणार?

डॉलरशी बांधलेली आभासी नाणी आपण मागच्या आठवड्यात पाहिली. २०२० मध्ये सुरू झालेला ‘पॉलीमार्केट’ हा पैजांचा ऑनलाइन बाजार त्यांवरच चालतो. प्रश्न समजा असा: अमुक उमेदवार निवडून येईल का? ‘हो’ची चिठ्ठी ६२ सेंटला, तर ‘नाही’ची साधारण ३८ ला. निकाल लागला की खऱ्या ठरलेल्या चिठ्ठीला एक डॉलर, दुसरीला शून्य. म्हणजे ६२ सेंट हा भाव झाला आणि ६२ टक्के शक्यता हे भाकीतही. बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी पाऊस-पिकांबरोबर राजाचीही गादी सांगते, पण ती चुकली तर मांडणाऱ्याच्या खिशाला चाट बसत नाही. इथे बसते. शिवाय खायवाडी करणारा कुणी शेठ नाही. तुमच्यासमोर दुसरा लावणाराच असतो. २०२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवर इथे ३०० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली.

आणि निकाल? वाद झाला, तर ‘उमा’ नावाचे टोकन बाळगणारे मतदान करतात. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचे मत जड. २०२५ मध्ये पैज होती, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलैपूर्वी सूट घालतील का? जूनअखेर ते नाटोच्या बैठकीला काळे जाकीट घालून आले. कित्येक बातम्यांनी त्याला सूट म्हटले; टोकनवाल्यांनी ‘नाही’ ठरवले. कोट्यवधी डॉलर शिंप्याच्या व्याख्येवर अडकले होते.

गंमत पाहा. न्यूयॉर्कचे ते कापूस एक्स्चेंज विलीन होत होत २००७ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंजकडे गेले. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये पॉलीमार्केटमध्ये २०० कोटी डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली.

आपल्याकडचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा कापसाच्या भावावरची, त्यातल्या अंकांवरची, इतकेच काय पाऊस पडेल की नाही यावरचीही पैज नाव घेऊन सांगतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. ‘प्रोबो’सारख्या देशी मंचाला पैशांचा खेळ आवरावा लागला. या केंद्रीय कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. मात्र आभासी नाण्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आहे आणि तोटा त्यातून वजा होत नाही. हिशेब पुढच्या लेखांकात.